धुळ्याचा रिपोर्ट

पिंप्राळ्यात वीज गेली की अख्खी गल्ली बोटं मोडायची. जळगावचा उन्हाळा, पंखा बंद, अंगाला घामाच्या नुसत्या धारा. बायका दारात येऊन पदरानं वारा घ्यायच्या आणि विजेच्या सात पिढ्यांचा उद्धार करायच्या. अशा वेळी एकच माणूस हातातला चहा अर्धा ठेवून उठायचा, पायांत चपला सरकवायचा आणि खुशीत पिठाच्या गिरणीच्या जिन्याकडे चालायला लागायचा. ते आमचे मास्तर. जाता जाता "गेली" एवढंच म्हणायचे, तेही घरात पेढे वाटायला निघाल्याच्या सुरात. नवीन भाडेकरूंना वाटायचं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

डोकं ठिकाणावर होतं. गिरणीच्या माडीवर आमच्या हौशी रेडिओ क्लबची खोली होती. हातानं जुळवलेल्या यंत्रावरून, सरकारचं लायसन्स घेऊन, दूरच्या माणसाशी बोलायचं हा आमचा छंद. पण खोलीच्या खाली गिरणीची मोटर, समोर वेल्डिंगचं दुकान आणि गावाबाहेर केळीच्या बागांतले पंप. हे सगळं चालू असलं की हेडफोनमध्ये खरखरीशिवाय काही येत नसे. वीज गेली की ही खरखर एका झटक्यात बंद. मग ट्रकच्या जुन्या बॅटरीवर रिसीव्हर लावून मास्तर डोळे मिटून बसायचे. "आता गाव गप्प," म्हणायचे. "आता ऐका."

मास्तर कुठल्या शाळेत शिकवायला नव्हते. रेल्वेत भुसावळला तारेवर होते. लोक तारमास्तर म्हणायचे, रिटायर होऊन पिंप्राळ्यात आल्यावर तार गेली आणि मास्तर राहिले. जन्मभर तारा पाठवून त्यांच्या बोलण्यातले फालतू शब्द झडून गेले होते. टपरीवर जाऊन म्हणायचे, "चहा. दोन. साखर कमी." घरी काकूंना म्हणायचे, "येतो. आठ. भाकरी." काकू एकदा मला म्हणाल्या, "अगं, लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी गेले तर यांचं पत्र आलं. 'तब्येत ठीक. ये.' मी आईला दाखवलं तर ती रडायलाच लागली. तिला वाटलं, घरात कोणी गेलं."

दुसरी खोड अशी, की समोरच्याचं बोलणं संपलं तरी हा माणूस लगेच उत्तर देत नसे. दोन आकडे मोजण्याइतका थांबायचा. समोरचा अजून काही बोलणार असेल तर त्याच्यावर आपलं बोलणं पडू नये, म्हणून. तारेवर ते ठीक. पण भाजीवाली "देऊ का अर्धा किलो?" म्हणून विचारायची आणि मास्तर आभाळाकडे बघत थांबायचे. ती बिचारी आपणहून भाव कमी करून टाकायची.

माणसांना ते नावानं हाक मारत नसत, गावानं मारत. यावलहून एक केळीवाले आबा यायचे, ते 'यावल'. अमळनेरच्या कॉलेजातले प्रयोगशाळा सांभाळणारे गृहस्थ 'अमळनेर'. मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक बोर्डवर ऑपरेटर होते, म्हणून मी 'एक्स्चेंज'. माझं खरं नाव त्यांना शेवटपर्यंत माहीत होतं की नाही, मला शंका आहे.

मी त्या खोलीत गेले ती भांडायला. तेव्हा रविवारी सकाळी टीव्हीवर पौराणिक मालिका लागायची आणि ज्याच्या घरी टीव्ही त्याच्या घरी निम्मी गल्ली जमायची. आमच्या कॉलनीत ऐन युद्धाच्या वेळी पडद्यावर आडव्या पट्ट्या यायच्या आणि देवांच्या तोंडून कट्ट-कट-कट्ट असा आवाज निघायचा. कोणीतरी शोध लावला, की हे गिरणीवरच्या म्हाताऱ्याचं काम. एक्स्चेंजमध्ये असल्यानं मला यंत्रातलं कळतं असा सगळ्यांचा समज. सोमवारी सकाळीच मला पुढं केलं. मी पदर खोचून जिना चढले, चांगलं पाच मिनिटं तोंड सोडलं. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. दोन आकडे मोजले. मग म्हणाले, "बरोबर. दोष माझा. बंद."

आणि खरंच बंद. त्या दिवसापासून रविवारी मालिकेच्या वेळेत क्लबला कुलूप. वर त्यांनी पंधरा दिवसांत कॉलनीतल्या प्रत्येक टीव्हीच्या मागे तारेची छोटी वेटोळी बसवून दिली, म्हणजे इतर वेळीही त्रास नको. असा माणूस भांडायला काय कामाचा? माझा राग तिथल्या तिथं ओसरला. त्या दिवशी निघताना त्यांनी माझ्यापुढे हेडफोन धरला, "ऐका" म्हणाले. खरखरीच्या तळाशी एक बारीक शिट्टी तुटत तुटत चालली होती. "कोण आहे?" मी विचारलं. "धुळे," मास्तर म्हणाले.

धुळे माझं माहेर. देवपुरात आमचं घर, विहाराच्या मागच्या गल्लीत. ज्या गावाशी बोलायला मी बोर्डवर रोज दहा वेळा कनेक्शन जोडून देत होते, तेच गाव त्या शिट्टीत इतकं लांब आणि इतकं जवळ ऐकू आलं, की मी दुसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीआधी पुन्हा जिना चढले. पुढची सहा वर्षं चढत राहिले.

क्लबचे नियम तीन. पहिला, आधी ऐकायचं. नव्या माणसाला महिनाभर बोलण्याच्या यंत्राला हात लावू देत नसत. एकदा क्लबच्या कार्यक्रमाला एक बडे पाहुणे बोलावले होते. हार घालून झाला, फोटोवाला तयार, पाहुणे म्हणाले, "बोला, कोणाशी बोलायचं?" मास्तरांनी त्यांच्या कानाला हेडफोन लावला आणि म्हणाले, "आधी ऐका." वीज होती, खालून गिरणी चालू होती. पाहुणे पंधरा मिनिटं मान डोलवत खरखर ऐकत बसले आणि भाषणात म्हणाले, की संवादाचा अद्भुत अनुभव आला. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "खोटं."

दुसरा नियम लॉगबुकाचा. जे ऐकलं तेच वहीत लिहायचं. जे ऐकू आलं नाही तिथं रेघ मारायची. अंदाजानं भरायचं नाही. हा नियम माझ्या मुळावर आला. ट्रंक बोर्डवर आमचं कामच अंदाजाचं. गिऱ्हाईक अर्धं बोलतं, लाइन अर्धं खाते, उरलेलं ऑपरेटर पुरं करते. एकदा क्लबनं पाटणादेवीच्या डोंगरावर यंत्रं नेऊन दिवसभर काम करायचं ठरवलं. आदल्या सकाळी यावलचा निरोप मी घेतला. 'यावल आणतो' इथपर्यंत साफ आलं, पुढच्या शब्दाची 'बी' आणि 'ए' ही दोन इंग्रजी अक्षरं आली आणि खरखर झाली. यावलहून माणूस दुसरं काय आणणार? मी बनाना लिहून मोकळी झाले. आमच्याकडची ती मणभर वजनाची ट्रकची बॅटरी आम्ही चौघांनी धापा टाकत डोंगरावर चढवली, आणि खायला मात्र काही घेतलं नाही, कारण केळी येणार होती. दुपारी यावलचे आबा दोन गड्यांच्या खांद्यावर बॅटरी घेऊन हजर. दोन बॅटऱ्या आणि सात उपाशी माणसं.

मास्तर ओरडले नाहीत. परत आल्यावर वही माझ्यापुढे ठेवली, माझ्या केळ्यांवर तांबड्या पेन्सिलीनं काट मारली आणि तिथं रेघ ओढली. म्हणाले, "रेघ खरी असते."

तिसरा नियम रिपोर्टचा, आणि या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या नियमात आहे. दोन स्टेशनं बोलायला लागली, की एकमेकांचा आवाज कसा येतोय ते आधी आकड्यांत कळवतात. तीन आकडे. पहिला, किती समजतंय, पाचपैकी. दुसरा, जोर किती, नऊपैकी. तिसरा, शिट्टीचा सूर किती साफ, तोही नऊपैकी. म्हणजे पाच नऊ नऊ हा पैकीच्या पैकी रिपोर्ट. आता रीत अशी आहे, की जगभर सगळे सगळ्यांना पाच नऊ नऊ देऊन टाकतात. लग्नात आहेर बघून 'छान आहे' म्हणतो ना, तसं. मास्तर देत नसत. "नऊ म्हणजे नऊ," म्हणायचे. जन्मात त्यांनी कोणाला पाच नऊ नऊ दिला नव्हता.

याचा सगळ्यात जास्त त्रास धुळ्याला. धुळ्याचे भाऊ एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते, मास्तरांच्याच वयाचे. दोघांचं रोज सकाळी सात वाजता मोर्समध्ये, म्हणजे लांब-आखूड शिट्ट्यांच्या लिपीत, बोलणं व्हायचं. आठला गिरणी चालू व्हायची, त्याच्या आत. अकरा वर्षं, एक दिवस खाडा नाही. बोलणं काय, तर हवा, व्होल्टेज, भाऊंच्या म्हशीचं दूध आणि काकूंची गुडघेदुखी. आणि रोज सुरुवातीला रिपोर्ट. मास्तर द्यायचे पाच सात सात. कधी पाच आठ सात. धुळ्यात सकाळी व्होल्टेज खाली जायचं, त्यामुळे भाऊंची शिट्टी शेवटी चिरकायची. सुराचे नऊ मास्तर कसे देणार? भाऊंनी किती खटपटी केल्या. ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळला, अँटेनाची तार तीनदा बदलली. दर वेळी यंत्रात बदल केला की बोलणं संपताना विचारायचे, "आता?" मास्तरांचं उत्तर, "पाच आठ सात. आभार."

आणि ही दोन माणसं एकदाही भेटली नव्हती. जळगाव ते धुळे एसटीनं अडीच तास. मी सणावाराला माहेरी निघाले की म्हणायची, "मास्तर, चला ना. भाऊंना बघून येऊ." मास्तर मान हलवायचे. "ओळख हवेतली. हवेतच बरी."

"पण का?"

दोन आकडे मोजून म्हणाले, "ओळख वाढली की नऊ वाढतात."

भाऊंनाही त्यांनी हेच कळवलं होतं. मला हसू आलं होतं तेव्हा. काकूंना मात्र हसू यायचं नाही. त्या म्हणायच्या, "सकाळी सातला यांच्या चेहऱ्यावर जे असतं ते मी घरात कधी बघितलं नाही बाई. ते धुळं एक दिवस बोललं नाही, तर हा माणूस जेवणार नाही." त्या माणसाची सगळी दौलत ती होती. सकाळचा पाऊण तास.

हे बिघडायला कधी लागलं ते मला नेमकं सांगता येणार नाही. क्लबमध्ये दोन हेडफोन होते, एक मास्तरांच्या कानाला, एक माझ्या. एका सकाळी मी माझ्या कच्च्या वहीत धुळ्याचं लिहिलं पाच सात सात. सहज मास्तरांच्या लॉगबुकात बघितलं, तर पाच पाच सात. मला वाटलं, माझाच कान अजून तयार नाही. महिन्यानं माझं पाच सात सात तसंच होतं आणि मास्तरांचं चार चार सात झालं. नोंदीत रेघा दिसायला लागल्या. भाऊंच्या म्हशीला पारडी झाली ते मी स्पष्ट ऐकलं. मास्तरांच्या वहीत 'म्हैस' होती आणि पुढे रेघ.

घरी काकू म्हणाल्या, "हल्ली वरण रोज करपतं बघ. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम यांचं. बसलेले असतात शेजारी, मोजतच नाहीत. विचारलं तर म्हणतात, झाली नाही शिट्टी."

तेव्हाच मला कळायला हवं होतं. खरं सांगायचं तर कळलंच होतं. मास्तरांचे कान बारीक सुरांना सोडत चालले होते. साधं बोलणं त्यांना पोचायचं, आणि एखादं नाही पोचलं तरी कोणाच्या लक्षात येणार? हा माणूस आधीच दोन आकडे थांबणारा, आधीच दोन शब्दांत बोलणारा. पण मी बोलले नाही. ज्यानं आपल्याला ऐकायला शिकवलं त्याला कसं सांगायचं, की तुम्हाला ऐकू येत नाही? मी गप्प बसले. तीन महिने रोज सकाळी त्यांच्या शेजारी बसून गप्प बसले. आजही त्याची लाज वाटते.

मास्तर बाकी सगळं तपासत होते. रिसीव्हर उघडला, व्हॉल्व बदलले. गिरणीच्या धुराड्यापासून पिंप्राळ्यातल्या विहाराच्या आवारातल्या लिंबापर्यंत आमची अँटेना होती, ती उतरवून पुन्हा चढवली. दोष सापडला नाही. मग त्यांनी तो रीतसर धुळ्याला कळवला. "तुमचा सिग्नल पडतो आहे. तीन तीन सात. अँटेना बघा."

मग एका सोमवारी सातला धुळं आलं नाही.

मंगळवारी नाही, बुधवारी नाही. मास्तर येऊन बसायचे, हाक द्यायचे, ऐकायचे, पुन्हा हाक द्यायचे. आठला खाली गिरणीचा पट्टा फिरायला लागला, की वहीत तारीख घालून रेघ मारायचे. मी ऐकत होते. माझ्याही हेडफोनमध्ये काही नव्हतं. या वेळी रेघ खरी होती. गुरुवारी काकू म्हणाल्या, "दोन दिवस अन्नाला नुसतं बोट लावलंय. तुझं माहेर आहे ना तिथं? बघून ये गं." खालच्या गिरणीवाल्या चाचांनीही गिरणी अर्धा तास उशिरा सुरू करायला घेतली. म्हणाले, "बुढ़ा बैठा है ऊपर. थोडा और सुन लेने दो."

शनिवारी मी धुळ्याला गेले. भाऊंचं घर शोधायला वेळ लागला नाही, घराच्या मातीच्या धाब्यावर तारा दिसत होत्या. भाऊ ओसरीत बाजेवर, उजवा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. मी कोण ते सांगितलं. केवढा आनंद झाला त्यांना. "जळगावनी एक्स्चेंज का? बस, बस. सूनबाई, पानी आन." पाय कसा मोडला ते हसत हसत सांगायला लागले. मास्तरांनी अँटेना बघा म्हटलं, म्हणून रविवारी शिडी लावून बांबूवर चढले, दोर सोडवला आणि शिडीसकट खाली आले. त्याच्या आधी दोन महिन्यांत त्यांनी सगळं यंत्र खोलून पुन्हा जुळवलं होतं. दोष सापडला नव्हता.

मी म्हटलं, "भाऊ, मला तुमचा आवाज चांगला येत होता. दोष कदाचित तुमचा नसेल."

भाऊंनी हात झटकला. "नही वं ताई. मास्तरना कान म्हंजे सोनारना काटा शे. त्या माणूसनी अकरा वरीसमा कधी खोटा नऊ दिधा नही. मंग खोटा तीन कसा देई? दोष मन्हाच शे. पाय बरा व्हऊ दे, पुन्हा चढसू."

पुन्हा चढणार. वय पासष्ट, पाय प्लास्टरमध्ये आणि हा माणूस पुन्हा बांबूवर चढणार. परतीच्या बसमध्ये पारोळा गेलं, एरंडोल गेलं, मला काही दिसलं नाही. मी घरी न जाता सरळ गिरणीचा जिना चढले.

मास्तर एकटेच बसले होते. मी समोर बसले आणि सांगायला तोंड उघडलं, पण खाली गिरणी चालू होती आणि मला ओरडून सांगायचं नव्हतं. मी पेन्सिल घेतली आणि टेबलावर ठोकायला लागले. लाकडावरचे ठोके त्यांना नीट समजत होते. धुळे पडले. पाय मोडला. अँटेना बघायला चढले. सिग्नलला काही झालेलं नाही. मला रोज पाच सात सात येत होता.

मास्तरांनी दोन आकडे मोजले. मग दहा मोजले असतील.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"तीन महिने."

"रेघ नव्हती मारायची," ते म्हणाले. "सांगायचं होतं."

एवढंच बोलले मला. यापेक्षा त्यांनी कानाखाली वाजवली असती तरी चाललं असतं.

मग त्यांनी सरावाचं छोटं यंत्र काढून माझ्यापुढे ठेवलं. त्यात शिट्टीचा सूर बारीक-जाड करायचं बटण होतं. माझ्याकडे पाठ करून बसले, हेडफोन लावला, हातात पेन्सिल घेतली. "पाठवा. सूर चढवत जा." मी एकच अक्षर पाठवत राहिले आणि बटण फिरवत राहिले. ते वहीत प्रत्येक अक्षर उतरवत होते. मग पेन्सिल थांबली. माझा हात चालूच होता, माझ्या हेडफोनमध्ये शिट्टी खणखणीत वाजत होती.

"थांबलात?" त्यांनी विचारलं.

"नाही," मी ठोकून सांगितलं. "चालू आहे."

त्यांनी मान हलवली. जुना तारवाला माणूस, बारीक सूर लावून ऐकायची जन्माची सवय. नेमका तोच सूर गेला होता आणि ते धुळ्याला जबाबदार धरत होते. त्यांनी सगळी यंत्रं तपासली होती. कान तेवढा तपासला नव्हता, कारण त्याच्यावर कधी कोणी शंका घेतली नव्हती, भाऊंनी तर नाहीच. तांबडी पेन्सिल घेऊन ते लॉगबुकाची पानं मागे उलटत गेले. तीन महिन्यांतल्या धुळ्याच्या प्रत्येक रिपोर्टवर काट मारली. एकेक, सावकाश, एकही न सोडता. खाली लिहिलं, 'रद्द. सिग्नल निर्दोष. दोष कान.' आणि सही केली.

"एक्स्चेंज," म्हणाले. "उद्या. धुळे. सोबत."

रविवारची पहिली एसटी पकडली. मास्तर खिडकीशी, मांडीवर पिशवीत लॉगबुक. धुळ्याला उतरलो तेव्हा ते जरा घाबरलेले दिसले. लग्नासाठी मुलगी बघायला जाणारा माणूस असतो तसे शर्टाची बटणं पुन्हा पुन्हा चाचपत होते. भाऊंच्या दारात जाऊन उभे राहिले. भाऊ बाजेवर उठून बसले. दोघांनी एकमेकांकडे बघितलं. अकरा वर्षांनी पहिल्यांदा.

"जळगाव," मास्तर म्हणाले.

"धुळे," भाऊ म्हणाले.

मग भाऊ बोलायला लागले. पण घरात नातवंडांचा गोंधळ, सून त्यांच्यावर ओरडतेय, बाहेर रविवारच्या बाजाराचे हातगाडीवाले. मास्तर पुढे वाकून "परत" म्हणायचे, भाऊ परत बोलायचे, मास्तर पुन्हा "परत". मास्तरांनी पिशवीतून लॉगबुक काढलं आणि ती तांबडी पानं भाऊंच्या पुढे धरली. भाऊंनी चष्मा लावला. एक पान वाचलं, दुसरं वाचलं, 'दोष कान' वाचलं. वही बाजूला ठेवली, मास्तरांचा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला, तळवा वर केला आणि एका बोटानं त्यावर ठोकायला लागले.

मी शेजारच्या स्टुलावर होते, मला वाचता येत होतं. भाऊंनी रोज सकाळी द्यायचे तशीच हाक दिली. आधी जळगावचं स्टेशन, मग आपलं. मग विचारलं, 'कसा येतो?'

मास्तरांनी दोन आकडे मोजले. मग भाऊंचा हात उलटा केला आणि त्यावर ठोकलं. पाच. नऊ. नऊ.

भाऊंचं बोट हवेतच राहिलं. मग त्यांनी ठोकलं, 'परत पाठवा.' मास्तरांनी परत पाठवलं. पाच. नऊ. नऊ. भाऊंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडावर हसू, आणि ते तोंडानंच मोठ्यांदा म्हणाले, "वळख वाढनी म्हनीसन का, मास्तर?"

हे मास्तरांना ऐकू गेलं. त्यांनी मान हलवून हातावर उत्तर दिलं. 'नाही. साफ आहे. मध्ये व्होल्टेज नाही.'

सून चहा घेऊन आली, ती दारातच उभी राहिली. सासरे आणि हा पाहुणा एकमेकांचे हात धरून बसलेले, एक शब्द न बोलता मध्येच हसतायत. दोघांनी म्हशीपासून सुरुवात केली होती. तीन महिन्यांच्या सगळ्या रेघा भरायच्या होत्या. चहावर साय आली तरी कोणी कपाला हात लावला नाही.

परत निघताना मास्तरांनी वही माझ्याकडे दिली. "नोंद," म्हणाले. मी तारीख लिहिली, वेळ लिहिली, स्टेशन धुळे, रिपोर्ट पाच नऊ नऊ. पुढे एक रकाना असतो, बोलणं किती मीटरच्या लहरींवर झालं त्याचा. तिथं माझी पेन्सिल अडली. मी रेघ मारायला घेतली.

"रेघ नको," मास्तर म्हणाले. "ऐकू आलंय."

मग मी त्या रकान्यात लिहिलं, 'हात'. मास्तरांनी वाचलं आणि खाली सही केली.